सहलीच्या पंगतीतली कोशिंबीर : वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय फराळावरून सहलींकडे वळतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांमध्ये एकच अडचण मांडलेली होती. प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणायचा अशा सहलीत आपल्या वाट्याला कोशिंबीर किंवा सॅलड आले, तर नेमके काय करून न्यावे? त्यामुळे हे सदर यंदा याच विषयासाठी राखले आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीची सहल डिसेंबरमध्ये पानशेतच्या बाजूला एका शेतावर जाणार आहे. माणसे साधारण पस्तीस आहेत आणि माझ्याकडे कोशिंबीर आली आहे. बस सकाळी सात वाजता सुटेल आणि जेवणे दीड वाजण्याच्या आत होणार नाहीत. गेल्या वर्षी एका घराने आणलेल्या काकडीच्या कोशिंबिरीचे वाढेपर्यंत सार झाले होते. काकडी टाळावी का? — एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : काकडी टाळण्याचे कारण नाही, पण तिला घरी मीठ लावून, कालवून नेणे मात्र टाळावे. काकडीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि टोमॅटोतही जवळजवळ तितकेच असते. चिरलेल्या फोडीला मीठ लागले की आतले पाणी बाहेर ओढले जाते, आणि साखरही काही प्रमाणात तेच काम करते. सकाळी साडेसहाला कालवलेली कोशिंबीर दीड वाजता वाढायची म्हटली, तर मिठाला सात तास मोकळे मिळतात. म्हणून कोणती कोशिंबीर करावी हे ठरवण्याआधी मीठ लागल्यापासून पानात पडेपर्यंत किती वेळ जाणार आहे, याचा हिशेब करावा. बहुतेक निवड त्या हिशेबातूनच आपोआप होते.

आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की, ताटकळल्याने जिची चव बिघडत नाही, किंबहुना मुरल्याने जी अधिक चांगली लागते, अशी भाजी निवडावी. कोबीची पचडी या कसोटीला सर्वांत उत्तम उतरते. कोबीतही पाणी भरपूर असते, पण त्याचे पान चिवट असल्याने ते सोडल्यानंतरही त्याचा लगदा होत नाही. कोबी अगदी बारीक चिरावा, मीठ लावून अर्धा तास ठेवावा, मग घट्ट पिळून घ्यावा. त्यात भिजवून निथळलेली मुगाची किंवा हरभऱ्याची डाळ, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबाचा रस घालून वर हिंग, मोहरी, हळदीची फोडणी द्यावी. फोडणी पूर्ण निवल्याशिवाय डब्याचे झाकण लावू नये, नाहीतर झाकणाला धरलेली वाफ पाणी होऊन पुन्हा कोशिंबिरीतच उतरते. ओले खोबरे मात्र वेगळ्या डबीत न्यावे आणि वाढताना भुरभुरावे, कारण उन्हात सर्वांत आधी उतरते ते खोबरेच. किसलेल्या गाजराची कोशिंबीरही अशीच टिकते.

दुसरा मार्ग म्हणजे कोशिंबीर सुटी सुटी न्यावी आणि जागेवर कालवावी. आपल्या मनात काकडीच असेल, तर मी हाच मार्ग सुचवीन. काकड्या आदल्या रात्री धुऊन, पुसून ठेवाव्यात आणि प्रत्येकीचे टोक कापून चाखून पाहावे, कारण एक कडू काकडी पस्तीस माणसांची कोशिंबीर घालवते. सकाळी काकड्या चोचवून घ्याव्यात, त्यांना थोडे मीठ लावून पंधरा-वीस मिनिटांनी पिळाव्यात आणि चोथा एका डब्यात भरावा. निघालेले पाणी फेकू नये, सहलीच्या दशम्या किंवा थालीपिठे भिजवायला ते वापरावे, मात्र त्या पिठात मीठ बेताने घालावे. दाण्याचे कूट, जिरेपूड आणि साखर दुसऱ्या डब्यात, तुपाची जिऱ्या-मिरचीची फोडणी लहान वाटीत आणि लिंबे अखंड न्यावीत. पाने मांडली जात असताना हे सारे एकत्र करायला पाच मिनिटेही लागत नाहीत. कुटाचा एक फायदा असा, की पिळूनही राहिलेले पाणी ते शोषून घेते. पण हेच कूट सकाळी घातले, तर दुपारपर्यंत त्याची पिठूळ लापशी होते. पिळलेल्या काकडीत मीठ आधीच असते, तेव्हा चाखल्याशिवाय पुन्हा मीठ घालू नये. घाईच्या वेळी ही चूक हमखास होते.

दह्यातली कोशिंबीर करायची असेल, तर दही बांधून त्याचा चक्का करून न्यावा आणि तिथे किंचित दूध घालून सैल करावा. दही, लिंबू, चिंच यांपैकी काहीही पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात किंवा अल्युमिनियमच्या डब्यात नेऊ नये. ते कळकते, आणि त्याची चव कशानेही लपत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा हेच खरे साधन आहे. अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम असा आहे, की नाशवंत अन्न ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल, तर ही मर्यादा एका तासावर आणावी. पुण्याच्या बाजूला डिसेंबरच्या दुपारीही पारा तीस अंशांच्या आसपास जातो. तेव्हा दही, खोबरे आणि चिरलेली भाजी थर्मोकोलच्या खोक्यात, रात्रभर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्यांच्या मध्ये ठेवावी. त्याच बाटल्यांचे थंड पाणी जेवताना पिताही येते.

राहिले प्रमाण. घरी चार माणसांना लागणाऱ्या कोशिंबिरीला नऊने गुणून पस्तीस माणसांचा अंदाज काढू नये. जिथे दहा-बारा पदार्थ असतात, तिथे प्रत्येक माणूस कोशिंबीर चमचा-दोन चमचेच घेतो. माणशी पन्नास ग्रॅमच्या हिशेबाने तयार कोशिंबीर पावणेदोन किलो भरली, तर ती पुरून उरेल.

प्रश्न : आमच्या गटाच्या सहलीत दर वेळी तीन-चार घरांतून काकडी-टोमॅटोच आणतात आणि परत येताना तेच डबे भरलेले असतात. यावर काही उपाय सुचवाल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : उपाय यादी करणाऱ्याच्या हाती आहे. यादीत नुसते ‘कोशिंबीर’ असे लिहिले, तर प्रत्येक जण बाजारात जे सर्वांत सहज मिळते तेच आणणार, आणि त्यात त्याची चूक नाही. यादीत भाजीचे नाव लिहावे आणि मुख्य जेवण काय आहे तेही सर्वांना कळवावे, कारण कोशिंबिरीची जोड जेवणाशी जमायला हवी.

पिठले-भाकरी किंवा वांग्याचे भरीत असेल, तर दह्याची गोडसर कोशिंबीर त्यापुढे फिकी पडते. तिथे मेथीचे घोळाणे न्यावे. खानदेश, मराठवाडा, विदर्भ या भागांतल्या वाचकांना हे सांगण्याची गरज नाही, पण मुंबई-ठाण्यातल्या पुष्कळ घरांत ते अजून पोहोचलेले दिसत नाही. मेथीची कोवळी पाने निवडून, धुऊन, कपड्यावर कोरडी करून डब्यात भरावी. कांदा, दाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल जेवायच्या वेळी घालून हाताने हलके घोळावे. पाला कोरडा असेल आणि मीठ शेवटी पडले असेल, तर तो चांगला राहतो. कांद्याच्या पातीचे किंवा कोवळ्या करडईचे घोळाणेही असेच होते. हुरड्याच्या सहलीला तर मला याहून योग्य कोशिंबीर दिसत नाही, कारण शेतावरच पात आणि मुळे मिळण्याची शक्यता असते आणि आपल्याला फक्त कूट, तेल, मीठ न्यावे लागते.

मसालेभात किंवा पुलाव असेल, तर दह्यातली कोशिंबीर हवीच. तिथे काकडीऐवजी लाल भोपळ्याचे भरीत करून पाहावे. भोपळा वाफवलेला असल्याने तो नंतर फारसे पाणी सोडत नाही, आणि चक्का जागेवर मिसळला की झाले. मटण किंवा मासळीच्या जेवणात पातळ गोल चिरलेला कांदा, लिंबू आणि थोडे मीठ यांपलीकडे काही करू नये. तेवढे तिथे पाच मिनिटांत होते. गोव्याकडच्या मंडळींना सुकटीचे किसमूर न्यायचे असेल, तर भाजलेली सुकट वेगळी न्यावी आणि खोबरे-कांदा ऐन वेळी मिसळावा, नाहीतर सुकटीचा कुरकुरीतपणा जातो आणि मग त्यात काही उरत नाही.

एका यादीत तीनपेक्षा जास्त कोशिंबिरी असू नयेत, असे माझे मत आहे. एक आंबट-तिखट, एक दह्याची आणि एक पाल्याची असली की पुरे. चौथ्या घराला लिंबे, मीठ, पत्रावळी, द्रोण आणि वाढायचे चमचे आणायला सांगावे. डबे दहा आले आणि चमचे दोनच, असे प्रसंग अनेक सहलींत येतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या मराठी मंडळींची जुलैमध्ये एका उद्यानात सहल असते आणि त्यात कार्यालयातले काही अमेरिकन सहकारीही कुटुंबासह येतात. मला काकडीची कोशिंबीर न्यायची आहे, पण शेंगदाण्याच्या अॅलर्जीची काळजी वाटते. ते लोक मेयोनेझ घातलेले बटाट्याचे सॅलड आणतात. ते उन्हात धोक्याचे असते का? — एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. अमेरिकेत अन्नाच्या वेष्टनावर ज्या नऊ प्रमुख अॅलर्जींचा उल्लेख बंधनकारक आहे, त्यांत दूध, अंडी, मासे, कोळंबीसारखे कवचधारी जलचर, बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन हे आठ पूर्वीपासून होते. १ जानेवारी २०२३ पासून त्यांत तिळाची भर पडली. घरून नेलेल्या डब्याला हा कायदा लागू नाही, पण यादी म्हणून ती फार उपयोगी आहे, कारण आपल्या कोशिंबिरीत दाणे, तीळ आणि दही यांपैकी एक तरी असतेच. शिवाय एका गोष्टीकडे आपल्या घरांत सहसा लक्ष जात नाही. बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ज्यांना गहू वर्ज्य आहे, अशा माणसाला ‘यात फक्त काकडी आहे’ असे सांगणे त्यामुळे बरोबर ठरत नाही. हिंगाच्या डबीवरचा मजकूर वाचावा, किंवा त्या दिवशी फोडणी हिंगाशिवाय करावी.

माझा सल्ला असा, की कूट कोशिंबिरीत मिसळूच नये. ते वेगळ्या वाटीत, वेगळ्या चमच्यासह, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे. नुसते शेजारी ठेवून भागत नाही, कारण एकच चमचा दोन्हीकडे फिरतो. मात्र येणाऱ्यांपैकी कोणाला शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी आहे असे कळले, तर कूट घरीच ठेवावे. डब्यावर इंग्रजीत आणि मराठीत घटक लिहून चिकटवावेत आणि त्यात हिरव्या मिरचीचाही उल्लेख असावा. मुलांच्या पानात मिरचीचे बारीक तुकडे जाऊ नयेत म्हणून मिरची उभी चिरून मोठीच ठेवावी, म्हणजे ती बाजूला काढता येते.

काकडी तिकडे मिळणारी लांब, पातळ सालीची किंवा लहान पर्शियन जातीची घ्यावी. तिच्यात बिया कमी असल्याने पाणीही कमी सुटते. कुटाची उणीव भासू नये म्हणून तासभर भिजवून पूर्ण निथळलेली मुगाची डाळ घालावी. गाजराचा कीस, काकडी, मुगाची डाळ, कोथिंबीर आणि लिंबू अशी कोशिंबीर दाण्यांशिवायही पूर्ण वाटते, दही न खाणाऱ्यांनाही चालते आणि आपले पाहुणे ती अनोळखी म्हणून बाजूला ठेवणार नाहीत.

मेयोनेझविषयी जो समज आहे, तो अर्धाच खरा आहे. दुकानातल्या मेयोनेझमध्ये व्हिनेगर किंवा लिंबाचा अंश असल्याने ते स्वतः पुरेसे आंबट असते. धोका उद्भवतो तो त्यात उकडलेले बटाटे, अंडी किंवा कोंबडीचे मांस मिसळून ते हाताळले जाते आणि तासन्तास उन्हात उघडे राहते, तेव्हा. नियम वर सांगितला तोच. जुलैच्या दुपारी तिकडेही पारा ३२ अंशांच्या वर जातो आणि तेव्हा एक तासाची मर्यादा पाळावी, मग सॅलड त्यांचे असो वा आपले. थंड पेये आणि अन्न एकाच बर्फाच्या पेटीत ठेवू नये. पेयांची पेटी मुले दर पाच मिनिटांनी उघडतात, तर अन्नाची पेटी जेवणाच्या वेळेपर्यंत बंद राहायला हवी. कोशिंबीर एकदम मोठ्या पातेल्यात न मांडता लहान वाडग्यात थोडी थोडी काढावी.

प्रश्न : कार्तिकात आमच्याकडे आवळीभोजनाला पंधरा-वीस जण एकत्र येतात. आमच्यात काही घरे एकादशीपर्यंत चातुर्मासाचे नियम पाळतात आणि यंदा एक जैन कुटुंबही येणार आहे. कोणती कोशिंबीर सर्वांना चालेल? — एक वाचिका, सांगली

उत्तर : चातुर्मास पाळणाऱ्यांसाठी कांदा, लसूण आणि वांगे वगळले की प्रश्न सुटतो. जैन कुटुंबासाठी जमिनीखाली वाढणारे सर्वच, म्हणजे गाजर, बीट, मुळा, बटाटा, आले हेही वगळावे लागते. याखेरीज दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. कच्च्या दह्यात डाळ मिसळणे पुष्कळ जैन घरांत वर्ज्य मानले जाते, तेव्हा दही घातलेल्या कोशिंबिरीत भिजवलेली मूगडाळ घालू नये. पानांत किडे असण्याच्या शंकेने काही घरांत कोबी-फ्लॉवरही खात नाहीत. घराघरांचे नियम निरनिराळे असतात, म्हणून त्यांना एकदा विचारून घेणे सर्वांत बरे. असे विचारल्याने कोणालाही वाईट वाटत नाही, उलट बरे वाटते.

आवळीखाली बसून जेवायचे आणि आवळा पानात नाही, हे मला तरी पटत नाही. मोठे, डाग नसलेले आवळे किसून त्यांना मीठ आणि थोडा गूळ लावावा, त्यात ओले खोबरे, हिरवी मिरची घालून वर जिऱ्याची फोडणी द्यावी आणि घट्ट दही जेवायच्या वेळी मिसळावे. किसणी आणि सुरी स्टीलची असावी. आवळ्यातल्या तुरट द्रव्यांचा लोखंडाशी संबंध आला, की कीस काळपट पडतो. तो खाण्यास अपायकारक नसला, तरी पानात वाईट दिसतो. ज्यांना आवळा फार तुरट लागतो त्यांच्यासाठी दही-केळ्याची कोशिंबीर किंवा वर सांगितलेले भोपळ्याचे भरीत जोडीला ठेवावे.

प्रश्न : बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मुलांना घेऊन जाणार आहोत. सॅलड म्हणून कापलेली फळे नेली तर? — एक वाचक, मालाड

उत्तर : फळे न्यावीत, पण कापून नेऊ नयेत. पेरू, सफरचंद आणि केळे चिरले की काळे पडते आणि कलिंगडाला काकडीसारखेच पाणी सुटते. फळे धुऊन, पुसून अखंड न्यावीत आणि जागेवर चिरून वर मीठ-मिरपूड घालावी. डाळिंबाचे दाणे तेवढे घरी सोलून नेले तरी चालतात. केळी मात्र पिशवीबाहेर दिसू देऊ नयेत. तिथली माकडे पिशव्या ओळखतात, आणि त्यांना खायला घालण्यास बंदी आहे, मग ते स्वखुशीने असो वा नाइलाजाने.

प्रश्न : आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटाची सहल आहे. मोड आलेल्या मटकीचे कच्चे सॅलड पौष्टिक म्हणून न्यायचे ठरते आहे. ते योग्य आहे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : पौष्टिकतेबद्दल शंका नाही, पण कच्चे मोड ज्येष्ठांच्या सहलीला नेऊ नयेत असे मी स्पष्टपणे म्हणेन. ज्या उबदार, ओलसर हवेत मोड येतात, त्याच हवेत जिवाणूही झपाट्याने वाढतात. ते बीजाबरोबरच आलेले असू शकतात, त्यामुळे नंतर मोड कितीही धुतले तरी त्यांचा पूर्ण बंदोबस्त होत नाही. २०११ साली जर्मनीत ई-कोलाय जिवाणूची जी मोठी साथ आली, ती शोधाअंती मेथीच्या कच्च्या मोडांपाशी जाऊन पोहोचली. त्या साथीत पन्नासहून अधिक माणसे दगावली. वृद्ध, लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे अशा रुग्णांना कच्चे मोड टाळण्याचा सल्ला दिला जातो, तो याचमुळे.

मटकी सोडून देण्याची मात्र गरज नाही. मोड आलेली मटकी वाफवून घ्यावी, दाणा बोटाने दाबल्यावर दबला पाहिजे, पण फुटता कामा नये. ज्येष्ठांच्या दातांनाही कच्च्या मटकीपेक्षा ही सोयीची पडते. वाफवलेली मटकी स्वच्छ, सुती कपड्यावर पसरून पूर्ण निववावी. गरम असतानाच डब्यात कोंडली, तर दोन-तीन तासांत तिला आंबूस वास येतो. निवल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवून निघताना डब्यात भरावी आणि पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे गोठवलेल्या बाटल्यांच्या मध्ये ठेवून न्यावी. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि लिंबू तिथे गेल्यावर मिसळावे. मीठही तेव्हाच घालावे आणि ज्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी लागते, त्यांच्यासाठी मिठाआधी एक वाडगा बाजूला काढून ठेवावा.